चिऱ्याच्या भिंती, पाहुण्यांच्या खोल्या आणि फायरवॉल राउटर: नऊ महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या आधी हा फायरवॉल राउटर, म्हणजे बाहेरून येणारं नको ते अडवणारा राउटर, घेतला, आता जुलै संपत आलाय. या राउटरने आमचा डिसेंबरचा हंगाम पाहिला, मेमधल्या विजा सोसल्या आणि सध्या ओल आलेल्या भिंतीशेजारी बसून पावसाळा काढतोय. घेतल्यावर आठ दिवसांत लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. जानेवारीत लिहिलं असतं तर दोन. आज चार देते, आणि त्यातला निदान एक माझा स्वतःचा आहे. पेटीतून काढून नुसता लावला तर हा राउटर जुन्यापेक्षा फारसं वेगळं काही करत नाही. जे करतो ते त्याच्या वेबपानांवर बसून करून घ्यावं लागतं.

कंपनीचं आणि मॉडेलचं नाव लिहीत नाही. दरवर्षी पेटीवरचा आकडा बदलतो, मेनूतले शब्द तेच राहतात, आणि मला जे सांगायचंय ते त्या शब्दांविषयीच आहे.

आम्ही फोंडा तालुक्यात, सावईवेऱ्याला. घर जुनं, चिऱ्याचं, भिंती हातभर जाड. मागे कुळागर: पोफळी, मिरवेली, केळी, थोडी जायफळं. कुळागराच्या टोकाला दोन खोल्या बांधल्यात, मसाल्याची बाग बघायला येणारे पाहुणे तिथे उतरतात. नवरा वेर्ण्याला कामाला. मी घरून तीन दुकानांचे जीएसटीचे हिशेब बघते. तेव्हा सगळ्यांचं वायफाय एकच, पासवर्डही एकच, आणि तो पाहुण्यांच्या खोलीत दारामागे कागदावर लिहून चिकटवलेला. एक दिवस नाश्त्याला बसलेला पाहुणा सहज म्हणाला, "तुमचा प्रिंटर माझ्या फोनवर दिसतोय." सज्जन माणूस होता, बोर्डिंग पास छापायचा होता त्याला. मी छापून दिला, पण डोक्यातून ते जाईना. प्रिंटर दिसतो म्हणजे कॅमेऱ्यांचा डीव्हीआरही (चित्रण साठवणारी पेटी) दिसत असणार, आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. २०१६ साली मिराई नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला तो अशाच कॅमेऱ्यांवरून आणि राउटरवरून. त्याच्याकडे कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, बस. माझ्या डीव्हीआरला फोडायला साठसुद्धा लागल्या नसत्या.

तर राउटर आला. पेटीवर लिहिलं होतं की अॅप घ्या, तीन मिनिटांत सुरू. अॅपने आधी खातं मागितलं, मग लोकेशन मागितलं. मी अॅप काढून टाकलं आणि लॅनची केबल थेट लॅपटॉपला लावून ब्राउझर उघडला. पहिल्या दिवशी वायफायवरून सेटिंग करायला जाऊ नका. वायफायचं नाव बदललं की तुम्ही ज्या फांदीवर बसलात तीच कापली जाते. ब्राउझरने लगेच लाल पान दाखवून सांगितलं की हे संकेतस्थळ सुरक्षित नाही. त्याला घाबरायचं कारण नाही. राउटरने स्वतःचं प्रमाणपत्र स्वतःच सही करून घेतलेलं असतं, म्हणून ब्राउझर कुरकुरतो. मात्र पत्ता आपणच टाइप केलेला आहे याची खात्री असेल तरच पुढे जा.

ब्राउझरने पान आपणहून मराठीत केलं ती गंमत वेगळीच. 'पोर्ट'चं 'बंदर' झालं, 'ब्रिज'चा 'पूल' आणि 'लीज'चा 'भाडेपट्टा'. "बंदर उघडा" असं बटण पाहून मला वाटलं मुरगावला जावं लागतंय की काय. भाषांतर बंद केलं आणि इंग्रजी पानच ठेवलं. अडल्यावर शोधायचे असतात ते शब्दही तेच.

पहिला तास एका साध्या गोष्टीत गेला. इंटरनेटवाल्याने भिंतीवर बसवलेल्या फायबरच्या पेटीचा पत्ता १९२.१६८.१.१, आणि नव्या राउटरचाही तोच. एकाच वाड्यात दोन घरांना एकच नंबर दिला तर पोस्टमन काय करणार? नेट यायचं, जायचं. शेवटी लॅनच्या पानावर जाऊन राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ केला. 'सेव्ह' दाबल्यावर पान फिरतच राहिलं, कारण ते जुन्या पत्त्यावर उत्तराची वाट बघत होतं. केबल काढून परत लावली, नवा पत्ता टाकला, उघडलं. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. दहा मिनिटं हात लावला नाही तर हे पान तुम्हाला बाहेर काढतं आणि भरलेलं सगळं पुसून टाकतं, हेही नव्हतं लिहिलेलं.

मग दुहेरी नॅट. नॅट म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकच पत्ता दाखवायचं राउटरचं काम. फायबरची पेटी स्वतःच राउटरचं काम करत होती, तिच्यामागे हा दुसरा. चालतं तसंही, पण बाहेरून आत काही आणायचं तर दोन दारं उघडावी लागतात. पेटी ब्रिज मोडमध्ये टाकायची, म्हणजे ती नुसती जोडणी पुढे देते, आणि पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरायचं, हा सरळ उपाय. केबल जोडायला येणारा मुलगा म्हणाला, "वयनी, ब्रिज मोड आमी दिनात." म्हणजे देत नाही. चार फोन आणि एक लेखी अर्ज झाल्यावर दिला. कोणत्या कंपनीने, ते सोडा. सोबत व्हीलॅनचा (एकाच केबलवरची वेगवेगळी नेटवर्क ओळखायच्या खुणेचा) आकडाही मागून घ्या. तो नसेल तर पीपीपीओई नुसतं 'कनेक्टिंग' म्हणत बसतं आणि तुम्ही पासवर्ड चुकला म्हणून पुन्हा पुन्हा टाइप करत राहता.

त्यानंतर स्टेटसच्या पानावर बाहेरचा पत्ता दिसला, तो १०० ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांनी आपापसात वापरण्यासाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणजे आपण अनेक गिऱ्हाइकांसोबत एकाच मोठ्या दारामागे राहतो. याला सीजीनॅट म्हणतात. असा पत्ता दिसला की पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून येणाऱ्याला घरातल्या ठराविक यंत्राकडे सोडायच्या) पानावर डोकं फोडू नका, आपल्या फाटकाच्या बाहेर अजून एक फाटक आहे आणि त्याची चावी आपल्याकडे नाही. मला पणजीला गेल्यावर तिथून घरचे कॅमेरे आणि हिशेबाचा संगणक बघायचा होता, म्हणून महिन्याला थोडे जास्त देऊन स्थिर, फक्त आमचा असा बाहेरचा पत्ता घेतला.

तोवर फायरवॉलची नोंदवही जवळजवळ कोरी होती. स्थिर पत्ता मिळाल्यानंतर तासाभरात पानंच्या पानं भरू लागली. २३, २३२३, २२, ४४५, ३३८९ या पोर्टवर, म्हणजे पत्त्यावरच्या क्रमांक दिलेल्या दारांवर, कोण कुठून टकटक करतंय याच्या ओळी. मी घाबरून नवऱ्याला फोन केला की आपल्यावर कोणीतरी हल्ला करतंय. आपल्यावर कोणी करत नव्हतं. यंत्रं रात्रंदिवस साऱ्या इंटरनेटवरचे पत्ते ठोकून बघत असतात, आतापर्यंत तो मार कंपनीचं मोठं दार खात होतं एवढंच. म्हणजे ज्या सीजीनॅटला मी शिव्या देत होते त्याने मला फुकटात झाकून ठेवलं होतं. बाहेरून घरात डोकवायची गरज नसेल तर स्थिर पत्ता घेऊ नका, असं मी आता ओळखीच्यांना सांगते.

सासूबाईंनी विचारलं, हे यंत्र नक्की करतं काय? म्हटलं, आई, आपण कोणाला निरोप पाठवला तर त्याचं उत्तर घेऊन येणाऱ्याला हे आत सोडतं, न बोलावता आलेल्याला दारातच ठेवतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे वाघ्या." वाघ्या आमचा कुत्रा. म्हटलं, नाही, वाघ्या पोस्टमनवरही भुंकतो.

पण पहिल्या आठवड्यात मी या राउटरचा अगदी वाघ्याच करून टाकला. दिसेल ती सुरक्षा चालू. 'डॉस प्रोटेक्शन' (मागण्यांचा भडिमार रोखणारी सोय) सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवलं, तर माझे व्हिडिओ कॉल मध्येच गोठायला लागले. कॉलची पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, भराभर येतात आणि राउटरला तो हल्ला वाटतो. पाकिटं उघडून तपासणारी सोय चालू केली, तर १०० एमबीपीएसची जोडणी निम्म्यावर आली. एरवी हे काम चिपमधली वेगळी यंत्रणा झटपट उरकते, तपासणी चालू झाली की सगळा भार प्रोसेसरवर पडतो. वायफायचं नाव लपवलं, त्याने बाहेरचा कोणी फसला नाही, फक्त नणंदेच्या फोनला ते सापडेना. मॅक फिल्टरमध्ये, म्हणजे नोंदलेल्या उपकरणांनाच आत सोडणाऱ्या यादीत, घरातल्या एकोणीस उपकरणांचे मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख-क्रमांक) एकेक करून भरले, दुपार गेली. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक पत्ता दाखवतात, तेव्हा नवऱ्याने फोनवर नेटवर्क एकदा 'विसरून' परत जोडलं आणि स्वतःच्याच घरात परका झाला. हे सगळं मी आता बंद ठेवलंय. त्याचा खेद नाही, वाया गेलेल्या दुपारचा आहे.

चालू ठेवलंय ते थोडं. स्टेटफुल फायरवॉल (सासूबाईंना सांगितली तीच, उत्तराला आत सोडणारी), आणि ती इंटरनेटच्या नव्या पत्तेपद्धतीसाठी, आयपीव्ही६ साठीसुद्धा. दुसऱ्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो, नॅटचा आडोसा नसतो. तिथली फायरवॉल बंद असेल तर पुढचं दार लावून मागचं उघडं. डब्ल्यूपीएस (बटणाने किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद. त्याच्या आठ आकडी पिनमधला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि राउटर पिनचे दोन अर्धे वेगवेगळे तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडते. हे २०११ पासून माहीत आहे आणि बटण अजून येतंच आहे. बाहेरून व्यवस्थापन बंद. यूपीएनपी (घरातल्या यंत्रांना आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद, यावर भाच्याने तोंड फुगवलं, कारण त्याच्या खेळात मित्रांचा आवाज येईना. त्याच्या यंत्रापुरता एक पोर्ट हाताने उघडून दिला, मिटलं.

डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) चं पान दिसायला सोपं, पण तिथेही अडले. नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवल्यावर प्रिंटर आणि टीव्ही रुसले. मिश्र ठेवल्यावर टीव्ही आला, प्रिंटर नाही. शेवटी २.४ गिगाहर्ट्झवर जुन्या उपकरणांसाठी डब्ल्यूपीए२ चं वेगळं नाव केलं. चॅनेलचा प्रश्न आमच्याकडे नाही. शहरात १, ६ की ११ यावर लोक भांडत असतील, आमचे शेजारी म्हणजे पोफळी. अडचण भिंतींची. ५ गिगाहर्ट्झ एक चिऱ्याची भिंत कशीबशी ओलांडतं, दुसरीत संपतं. चार अँटेना असोत की आठ.

आणि म्हणूनच ज्या कामासाठी हा राउटर घेतला त्यात मी दोन महिने फसले.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क केलं. 'एकमेकांना दिसू नये' आणि 'घरच्या नेटवर्कमध्ये प्रवेश नाही' या दोन्ही खुणा बरोबर लावल्या. ओसरीवर उभं राहून माझ्याच फोनवरून तपासलं: डीव्हीआर दिसत नाही, प्रिंटर दिसत नाही. समाधान. पण त्या खोल्या कुळागराच्या टोकाला, तिथे याचं वायफाय पोचतच नाही. म्हणून तिथवर केबल टाकून जुना राउटर लावला आणि त्यालाही तेच गेस्टचं नाव, तोच पासवर्ड दिला. आधी तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करायला विसरले, मग घरातली निम्मी उपकरणं एकाकडून पत्ता घेत, निम्मी दुसऱ्याकडून, आणि कोणाचं नेट कधी चालेल ते देवाला ठाऊक. ते निस्तरलं. डिसेंबरभर खोल्या भरलेल्या होत्या, सगळ्यांना नेट मिळालं, मी खूश.

जानेवारीत खोली झाडायला गेले होते, फोन गेस्टला जोडलेला. सहज म्हणून डीव्हीआरचा पत्ता टाकला. उघडला. लॉगिनचं पान समोर.

नाव सारखं असलं म्हणून नेटवर्क वेगळं होत नाही, एवढी साधी गोष्ट. नव्या राउटरच्या दृष्टीने जुना राउटर म्हणजे घरातल्या केबलला लावलेलं एक उपकरण. त्याच्यावरून येणारा प्रत्येक पाहुणा घरचाच. पूर्ण हंगाम मी पाहुण्यांना पुढच्या दाराला कुलूप दाखवून स्वयंपाकघरातून आत घेत होते. डीव्हीआरचा पासवर्ड सुरुवातीलाच बदलला होता म्हणून निभावलं.

उपाय याच राउटरच्या पानांत होता, आणि मी गुण देते ते त्यासाठी. व्हीलॅनच्या पानावर चौथा लॅन पोर्ट (इथे पोर्ट म्हणजे राउटरमागची केबल खोचायची जागा) घरच्या गटातून काढून पाहुण्यांच्या गटात टाकता येतो. टाकला. त्या पोर्टवरून जाणारी केबल, तिच्या टोकाचा जुना राउटर आणि त्याचं वायफाय, सगळं मिळून पाहुण्यांचं झालं, पत्ते १९२.१६८.६० चे. नवीन काही विकत घ्यावं लागलं नाही. मग नियम लिहायचे: पाहुण्यांकडून घराकडे मनाई, पाहुण्यांकडून इंटरनेटला परवानगी. मी परवानगीची ओळ वर लिहिली, मनाईची खाली, आणि ती परवानगीही सरसकट कुठेही जाण्याची. फायरवॉल वरून खाली वाचत येते आणि पहिली जुळणारी ओळ मानून थांबते. मनाईपर्यंत ती पोचलीच नाही. क्रम बदलला. मग उत्साहाने पाहुण्यांना राउटरकडे जायलाच बंदी घातली, तर त्यांना नेटच मिळेना. पत्ता वाटायचं आणि नावावरून संकेतस्थळ शोधायचं काम राउटरच करतो. म्हणून ५३ आणि ६७ हे दोन पोर्ट त्यांना मोकळे, राउटरचं पान उघडणारे ८० आणि ४४३ बंद. एकूण चार ओळींचं काम, मला दोन संध्याकाळी लागल्या. पण या वेळी तपासणी खोलीत जाऊन, पाहुण्याच्या पलंगावर बसून केली.

कॅमेऱ्यांसाठी पोर्ट उघडला नाही. राउटरमध्ये वायरगार्ड आहे, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा खाजगी बोगदा (व्हीपीएन), ५१८२० वर. पानावर क्यूआर येतो, तो फोनने टिपला की झालं. ओळख न पटलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे टकटक करणाऱ्याला तिथे दार आहे हेही कळत नाही. नऊ महिन्यांत या सोयीने एकदाही त्रास दिला नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हा राउटर परत घेईन.

आमच्याकडे लाइट जाते. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस फायबरच्या पेटीला आणि राउटरला मिळून लावलाय, दोन्हींचे अडॅप्टर तेवढ्याच व्होल्टचे आहेत हे बघून. तो लावण्याआधी दर वेळी लाइट गेली की नोंदवहीत तारीख १ जानेवारी १९७० पडायची. राउटरच्या घड्याळाला स्वतःची बॅटरी नसते, नेट येऊन वेळ विचारेपर्यंत ते तिथेच. गोवा मुक्त होऊन जेमतेम आठ वर्षं झालेली आणि माझ्या फायरवॉलवर तेव्हापासून हल्ले चालू! टाइम झोनही आल्या-आल्या बघून घ्या. माझा चुकीचा होता, आणि भाच्यासाठी लावलेली रात्री अकराची बंदी भर दुपारी पडत होती. त्याला वाटलं मी मुद्दाम करते.

मेमध्ये वीज कुळागरात पडली. घरावर नाही, पण खोल्यांकडे जाणारी तांब्याची लांब केबल उघड्यावरून गेलेली. तिच्यातून झटका आला आणि जुना राउटर गेला, नव्याचा चौथा पोर्टही गेला. बाकी तीन चालू राहिले. वॉरंटीत विजेचं नुकसान बसत नाही असं उत्तर आलं. आता त्या मार्गावर फायबर टाकलीय, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणाऱ्या पेट्या). काचेतून वीज वाहत नाही. पाहुण्यांचा गट तिसऱ्या पोर्टवर हलवायला पाच मिनिटं लागली. सेटिंगचा बॅकअप घेतलेला होता, त्याची गरज पडली नाही, पण तो आहे हे माहीत असल्यामुळे हात थरथरत नव्हते. बॅकअपची फाइल पेन ड्राइव्हवरही ठेवा. नेट बंद असताना क्लाउडवरची फाइल काय कामाची?

फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, या काळात तीनदा नवं आलं. आपोआप पहाटे तीनला व्हायची सोय आहे, मी ती बंद केली आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतः बघते. पहाटे तीनला लाइट गेली तर अर्धवट भरलेल्या राउटरचं काय करायचं, ते मला शिकायचं नाही. दुसऱ्या अपडेटने यूपीएनपी गुपचूप परत चालू केलं होतं. त्यासाठी अर्धा गुण कापते. तेव्हापासून अपडेटनंतर पानं पुन्हा एकदा फिरून बघते, एका वहीत माझ्या खुणा लिहून ठेवल्यात.

चवथ जवळ येतेय. मुंबईहून, बेळगावहून सगळं कुटुंब येईल, आणि पहिला प्रश्न देवाचा नाही, वायफायचा असेल. सासूबाई म्हणाल्या, वायफायच्या क्यूआरचा तो चौकोनी कागद गणपतीच्या खोलीत भिंतीवर लाव, सगळे तिथेच असतात, दर वेळी तुला हाक मारायला नको. लावला होता. मग आठवलं की माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या आराशीचे) फोटो घरातला प्रत्येक जण काढतो आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरतात. क्यूआर आता फ्रिजवर आहे.